खोकला : पाहुणा की मुक्कामी?



थंडीचे दिवस आले की घरोघरी खोकल्याचे आवाज सुरू होतात. अशा वेळी आपल्या बहुतेक घरांत काय घडते ते पाहा. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला सर्दी होते, मागोमाग खोकला लागतो. तिसऱ्या दिवशी अम्मीला काळजी वाटू लागते, चौथ्या दिवशी औषधाच्या दुकानातून 'जरा स्ट्राँग' गोळ्या येतात आणि आठव्या दिवशी डॉक्टर बदलला जातो. त्याच घरात दादी गेली पाच-सहा वर्षे रोज सकाळी उठल्यावर खोकते, दोन-चार बेडके काढते, पाणी पिते आणि कामाला लागते. तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. 'दादीचा खोकला जुनाच आहे' एवढे बोलले की विषय संपतो.

या दोघांच्याही दुखण्याला डॉक्टर 'ब्रॉन्कायटिस' हेच नाव देण्याची शक्यता आहे. पण नाव एक असले तरी आजार दोन आहेत. मुलाचा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होणारा असतो. दादीचा आपोआप बरा होणारा नसतो. म्हणजे जिथे सब्र करायला हवा तिथे आपण घाई करतो आणि जिथे घाई करायला हवी तिथे वर्षानुवर्षे सब्र करत बसतो. या महिन्यात हा फरक आपण नीट समजून घेऊ.

नावांचा घोळ

आपला श्वास घशातून मुख्य श्वासनलिकेत उतरतो. छातीत तिचे दोन फाटे होतात, एक उजव्या फुप्फुसाकडे जातो आणि एक डाव्या. पुढे झाडाच्या फांद्यांप्रमाणे त्यांना बारीक बारीक फाटे फुटत जातात. या फांद्यांच्या आतल्या अस्तराला सूज आली की त्याला ब्रॉन्कायटिस म्हणतात. चार्ल्स बॅडहॅम या इंग्रज डॉक्टरांनी १८०८ साली या आजारावर पुस्तक लिहिले आणि हा शब्द रूढ झाला.

डॉक्टर या आजाराचे दोन प्रकार सांगतात, 'अ‍ॅक्यूट' आणि 'क्रॉनिक'. मराठीत पहिल्याला 'तीव्र' म्हणतात आणि दुसऱ्याला 'जुनाट' किंवा 'दीर्घकालीन'. गैरसमजाला इथूनच सुरुवात होते. 'तीव्र' ऐकले की आपल्याला वाटते, हा भयंकर प्रकार असणार. 'जुनाट' ऐकले की वाटते, हा सवयीचा, सौम्य असणार. प्रत्यक्षात 'तीव्र' या शब्दाचा इथला अर्थ एवढाच की आजार अचानक आला आणि थोड्या दिवसांत जाणार.

उर्दूत या दोन प्रकारांना 'हाद' आणि 'मुजमिन' म्हणतात. 'हाद' म्हणजे धारदार, तेज. 'मुजमिन' हा आपल्या ओळखीच्या 'जमाना' या शब्दाच्या घराण्यातला आहे. ज्याने माणसाच्या शरीरात जमाना काढला, तो मुजमिन. इंग्रजी 'क्रॉनिक'सुद्धा काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. तेव्हा घरातल्या खोकल्याबद्दल पहिला प्रश्न 'किती जोराचा आहे?' असा विचारू नका. 'किती दिवसांचा आहे?' असा विचारा.

अस्तरावरचा झाडू

श्वासनलिकांच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते आणि तिच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. श्वासाबरोबर आलेली धूळ आणि जंतू या थराला चिकटतात. लव सारखी हलत असते आणि हा कचरा वर घशाकडे ढकलत असते. तो आपण नकळत गिळून टाकतो. घर झाडले जावे तशी ही सफाई रात्रंदिवस चालू असते.

अ‍ॅक्यूट ब्रॉन्कायटिसमध्ये बहुधा सर्दीचा किंवा फ्लूचा विषाणू खाली उतरतो आणि अस्तराला इजा करतो. झाडू काही दिवस मोडतो. सर्दी, घसादुखी, अंगदुखी आणि थोडा ताप येतो. खोकला आधी कोरडा असतो, मग कफ पडू लागतो. ताप तीन-चार दिवसांत उतरतो, पण खोकला मागे राहतो, कारण नवे अस्तर आणि नवी लव तयार व्हायला वेळ लागतो. ती तयार झाली की खोकला जातो. छाती पहिल्यासारखी होते.

क्रॉनिक ब्रॉन्कायटिसमध्ये नुकसान करणारा धूर असतो. बिडी-सिगारेटचा, चुलीचा किंवा कारखान्यातल्या धुळीचा मारा वर्षानुवर्षे चालू राहिला की लव झिजते. दुसरीकडे कफ तयार करणाऱ्या ग्रंथी मोठ्या होतात आणि गरजेपेक्षा जास्त कफ बनवू लागतात. कचरा वाढला आणि झाडू मोडला, अशी अवस्था होते. मग सफाईचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे खोकणे. रात्रभर साठलेला कफ सकाळी उठल्यावर बाहेर काढावा लागतो. दादीच्या फजरच्या वेळच्या खोकल्याचा अर्थ हा आहे.

किती दिवस म्हणजे जुना?

अ‍ॅक्यूट ब्रॉन्कायटिसचा खोकला किती दिवस चालतो, याबद्दल लोकांचा अंदाज आणि प्रत्यक्ष अनुभव यांची तुलना अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. लोकांना वाटत होते, सात ते नऊ दिवस. अनेक अभ्यास एकत्र करून आलेले उत्तर होते, सरासरी जवळजवळ अठरा दिवस. म्हणजे आठव्या दिवशी 'अजून खोकला गेला नाही, औषध लागू पडले नाही' म्हणून आपण डॉक्टर बदलतो, तेव्हा आजार आपल्या नेहमीच्या चालीनेच चाललेला असतो.

क्रॉनिक ब्रॉन्कायटिसची व्याख्या मात्र ठरलेली आहे. लागोपाठ दोन वर्षे, दर वर्षी निदान तीन महिने, बहुतेक दिवशी कफासह खोकला असणे आणि त्याला दुसरे कारण नसणे. ही व्याख्या ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या कामातून पुढे आली, आणि त्यामागे धुराचीच कहाणी आहे. डिसेंबर १९५२ मध्ये, ५ ते ९ तारखेच्या दरम्यान, लंडन शहरावर कोळशाचा धूर आणि धुके यांचे दाट आच्छादन बसले. सुमारे चार हजार माणसे त्यात दगावली असा त्या वेळचा अंदाज होता. पुढच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. मरणाऱ्यांत छातीचा जुना आजार असलेले पुष्कळ होते. १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला, आणि त्याच सुमारास जुन्या खोकल्याची नीट व्याख्या करण्याचे काम डॉक्टरांनी हाती घेतले. तोवर तिथेही लोक म्हणत, 'थंडीत खोकला व्हायचाच.' आज आपण दादीबद्दल तेच म्हणतो.

ही व्याख्या ध्यानात ठेवली की एक गोष्ट कळते. तीन आठवडे लांबलेला अ‍ॅक्यूट खोकला म्हणजे क्रॉनिक ब्रॉन्कायटिस नव्हे. अ‍ॅक्यूट पिकून क्रॉनिक होतो असेही नाही. दोघांची मुळे वेगळी आहेत.

आपल्या घरांतला धूर

'आमच्या दादीने आयुष्यात बिडीला हात लावला नाही, मग तिला हा आजार कसा होईल?' असे पुष्कळांना वाटते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्रा. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात नेमका हाच विषय मांडला. जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड, गोवऱ्या आणि काटक्यांच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी. म्हणून छातीच्या जुनाट आजाराचे जगातले सर्वांत मोठे कारण कदाचित चुलीचा धूर असू शकेल, असे त्यांनी लिहिले.

आता आपल्या घरांत पाहा. कोकणातल्या कितीतरी घरांत पावसाळ्यात ओले सरपण धुमसत असते आणि फुंकणीने फुंकता फुंकता बाईचे डोळे लाल होतात. गॅस आला तरी अंघोळीचे पाणी बंबावर किंवा मागच्या चुलीवर तापते. सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून डाळ-मटण चुलीवर चढते. ज्या बाईने वयाच्या बाराव्या वर्षापासून चूल फुंकली, तिच्या छातीत साठीला पन्नास वर्षांचा धूर जमा झालेला असतो.

पुरुषांची बाजू वेगळी आहे. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या श्वासात सुताची भुकटी जाते, बेकरीच्या भट्टीवरच्या माणसाच्या श्वासात लाकडाचा धूर आणि मैदा जातो. सोलापुरात बिड्या वळणाऱ्या भगिनींच्या श्वासात तंबाखूची धूळ जाते. त्यावर बिडी ओढण्याची सवय असेल तर विचारायलाच नको. बिडी लहान दिसते म्हणून ती सिगारेटपेक्षा हलकी, हा समज चुकीचा आहे. ती विझू नये म्हणून वरचेवर आणि जोरात झुरके घ्यावे लागतात. निकोटीन आणि डांबर तिच्यातून सिगारेटपेक्षा कमी नाही, उलट जास्तच छातीत जाते.

आणखी दोन धूर आपण स्वतः घरात लावतो. एक डासांच्या कॉइलचा. एक कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. दारे-खिडक्या बंद करून तिच्याजवळ बाळाला झोपवणे किती घातक आहे, याचा विचार करा. मच्छरदाणी हा जुना उपाय अजूनही चांगला आहे. दुसरा धूर जुमेरातच्या लोबानचा आणि अगरबत्तीचा. खुशबूची आवड असण्यात काही गैर नाही. पण ज्या घरात छातीचा रुग्ण आहे तिथे धुराऐवजी मोकळी हवा येऊ द्यावी.

ही गोष्ट किरकोळ नाही. जुनाट ब्रॉन्कायटिस वाढत गेला की अनेकांच्या श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. त्या अवस्थेला सीओपीडी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे २०२१ साली सीओपीडीने जगात सुमारे ३५ लाख माणसांचा जीव घेतला. मृत्यूच्या कारणांत त्याचा चौथा क्रमांक होता.

पिवळा कफ आणि अँटिबायोटिक

'कफ पिवळा पडला, आता अँटिबायोटिक हवेच' हे वाक्य आपण सर्रास ऐकतो. कफाला पिवळा-हिरवा रंग शरीरातल्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. त्या पेशी जंतूंशी लढायला आलेल्या असतात, मग जंतू विषाणू असो वा जिवाणू. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालते आणि अ‍ॅक्यूट ब्रॉन्कायटिस दहापैकी नऊ वेळा विषाणूचा असतो. म्हणून निरोगी माणसाच्या अ‍ॅक्यूट ब्रॉन्कायटिसमध्ये अँटिबायोटिकने खोकला सरासरी अर्धा दिवस लवकर थांबतो, त्यापेक्षा फारसा फायदा होत नाही. बदल्यात जुलाब, अंगावर पुरळ असे त्रास होऊ शकतात, आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा औषध लागू न पडण्याचा धोका वाढतो.

क्रॉनिक रुग्णात मात्र हाच पिवळा कफ वेगळे सांगतो. दादीचा रोजचा कफ पांढरा असतो. एके दिवशी तो अचानक वाढला, पिवळा-हिरवा झाला आणि धाप नेहमीपेक्षा जास्त लागू लागली, तर तिचा जुना आजार उसळला असे समजावे. अशा वेळी अँटिबायोटिक आणि इतर औषधांची खरोखर गरज पडू शकते, आणि उशीर केला तर दवाखान्यात दाखल करावे लागते. म्हणजे एकाच रंगाचा कफ नातवाच्या बाबतीत थांबायला सांगतो आणि दादीच्या बाबतीत त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला सांगतो. औषधाच्या दुकानदाराला हा फरक कळण्याचे कारण नाही. त्याला समोर फक्त तुम्ही दिसता, रुग्ण दिसत नाही.

पाहुण्याची खातिरदारी

अ‍ॅक्यूट खोकल्यात विश्रांती, कोमट पाणी, सूप-शोरबा आणि तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल एवढे बहुधा पुरते. जोशांद्याने घशाला आराम वाटतो, तो जरूर घ्या. मधाची गोष्ट तर आपल्याला ठाऊकच आहे. कुरआनातील एका सूरहचे नावच 'नहल' म्हणजे मधमाशी आहे आणि तिच्यात मधातल्या शिफेचा उल्लेख आहे. अशा खोकल्यात एक चमचा मधाने आराम मिळतो, हे आजचे डॉक्टरही मान्य करतात. मात्र एक वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात चाटवू नका. मधात कधी कधी असणाऱ्या एका जंतूमुळे एवढ्या लहान बाळाला जिवावरचा आजार होऊ शकतो. मधुमेह असलेल्यांनीही बेताने घ्यावा.

मुलांच्या खोकल्याच्या सिरपबद्दल केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट सल्ला दिला आहे. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही सहसा देऊ नयेत. शेजारच्या खालाच्या मुलाला लागू पडलेली बाटली आपल्या मुलाला पाजू नका. वाफ देण्यासाठी मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकवू नका, त्यात भाजण्याचे अपघात होतात.

सब्र करायचा म्हणजे डोळे मिटून बसायचे नाही. श्वास भराभर चालणे, मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाणे, तीन दिवसांपुढे चढा ताप, श्वास घेताना छातीत दुखणे, कफात रक्त, ओठ निळसर पडणे, म्हाताऱ्या माणसाने असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर तो न्यूमोनिया किंवा दुसरे गंभीर कारण असू शकते. लगेच डॉक्टरांकडे जा.

दोन आठवड्यांचा नियम

आपल्या देशात एक नियम सर्वांनी पाठ करावा. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. तो साधा लांबलेला खोकला असेलही, पण क्षयरोग म्हणजे टीबी नाही याची खात्री होते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि टीबीचे उपचार मोफत आहेत. निक्षय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-६६६६ आहे. 'मुलीचे लग्न ठरायचे आहे, लोक काय म्हणतील' या भीतीने आपल्याकडे ही तपासणी टाळली जाते. न तपासलेला टीबी घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचतो, ही भीती त्याहून मोठी असायला हवी.

लांबलेल्या खोकल्याची आणखीही कारणे असतात. दमा, छातीत जळजळ करणारे पित्त, हृदयाचा आजार, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या. दादीची रक्तदाबाची गोळी बदलल्यानंतर कोरडा खोकला सुरू झाला असेल तर डॉक्टरांना तसे सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मुक्कामी खोकल्यासाठी घाई

जुनाट खोकला असलेल्या माणसाची एक तपासणी व्हायलाच हवी, ती म्हणजे स्पायरोमेट्री. एका नळीत जोराने आणि पूर्ण दम संपेपर्यंत फुंकायचे असते. एकूण बाहेर आलेल्या हवेपैकी पहिल्या एका सेकंदात किती आली, हे यंत्र मोजते. श्वासनलिका मोकळ्या करणारे औषध ओढल्यानंतरही हे प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी आले तर नलिका कायमच्या अरुंद झाल्या असे समजतात. सुई नाही, दुखत नाही. शुगर तपासतो, रक्तदाब तपासतो, तसा हा दमही मोजून घ्यावा. नलिका अजून अरुंद झाल्या नसतील तर त्यासारखी दुसरी संधी नाही, कारण धूर थांबवून पुढचे नुकसान टाळता येते.

लंडनमध्ये चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी ७९२ कामगारांच्या फुप्फुसांची ताकद आठ वर्षे मोजली आणि १९७७ साली निष्कर्ष मांडला. धूम्रपान सोडल्यावर गेलेली ताकद फारशी परत येत नाही, पण पुढची घसरण मंदावते आणि कधीच न ओढणाऱ्या माणसाइतकी हळू होते. म्हणजे पन्नाशीत बिडी सोडली तरी फायदा आहे, साठीत सोडली तरी आहे. 'आता सोडून काय उपयोग' हे म्हणणे खरे नाही. रमजानमध्ये आपले कितीतरी बंधू सेहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास बिडीशिवाय काढतात. ज्याला चौदा तास जमते त्याने इफ्तारनंतरचे तासही अल्लाहच्या मदतीने जिंकायला घ्यावेत. तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला देणारा राष्ट्रीय क्रमांक १८००-११-२३५६ आहे.

घरातल्या बाईसाठी बिडी सोडणे म्हणजे चूल सोडणे, आणि ते तिच्या एकटीच्या हातात नसते. सिलिंडरचे पैसे कोण देतो, बंब कोणासाठी पेटतो, याचा विचार मुलांनी आणि नवऱ्याने करायचा आहे. चूल अगदीच टळत नसेल तर ती उघड्यावर किंवा धुराडे असलेल्या जागी हलवा, सरपण वाळवून ठेवा आणि छातीचा त्रास असलेल्या बाईला चुलीपुढून उठवा. तिची जागा दुसऱ्या कोणी घ्यावी, पाळीपाळीने.

इन्हेलरबद्दलही बोलले पाहिजे. 'पंपाची सवय लागते, तो शेवटचा इलाज' असे आपल्याकडे म्हणतात. इन्हेलरचे व्यसन लागत नाही. औषध थेट छातीत जाते, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते. मात्र तो ओढण्याची पद्धत डॉक्टरांसमोर करून दाखवा. हातात दाबायचा पंप असेल तर हळू आणि खोल श्वास घेत ओढायचा, मग शक्यतो दहा सेकंद श्वास रोखायचा. औषध स्टेरॉइडचे असेल तर नंतर चूळ भरायची. यांखेरीज दर वर्षी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोनियाची लस अशा रुग्णांना घ्यावी. हज-उमराला निघालेल्या बुजुर्गांच्या बाबतीत तर हे आधीच विचारून घ्या. तिथल्या गर्दीत खोकला लागणे अगदी सामान्य आहे, पण जुन्या छातीच्या रुग्णाला तो जड जातो.

रोजा आणि औषध

पुष्कळ बुजुर्ग रोजासाठी औषध सोडतात आणि मग रात्री-अपरात्री दवाखाना गाठावा लागतो. सूरह बकरामध्ये आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत स्पष्ट दिलेली आहे. ती सवलत अल्लाहने दिली आहे, ती घेण्यात कमीपणा नाही. इन्हेलर ओढल्याने रोजा तुटतो की नाही, याबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत, म्हणून आपल्या आलिमांना विचारा. त्याच वेळी डॉक्टरांनाही विचारा, कारण दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे इन्हेलर आता मिळतात आणि अनेकांना ते सेहरी-इफ्तारच्या वेळी बसवून घेता येतात. हे बोलणे रमजानच्या महिनाभर आधी व्हावे. अचानक धाप लागल्यावर मात्र इफ्तारची वाट पाहत बसू नये. जीव वाचवणे आधी.

आज घरी विचारायचे प्रश्न

हा अंक हातावेगळा करण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांजवळ पाच मिनिटे बसा. सरळ 'तुम्हाला काही त्रास आहे का?' असे विचारू नका. 'नाही बेटा, अलहम्दुलिल्लाह, ठीक आहे' हेच उत्तर येईल. असे विचारा : दादी, सकाळचा खोकला मागच्या थंडीतही होता का, आणि त्याच्या आदल्या थंडीत? दादाजान, मशिदीत जाताना पूर्वी न थांबता जात होता, आता वाटेत कुठे थांबता? बरोबरीच्या माणसांबरोबर चालताना तुम्ही मागे राहता का? अंघोळ करताना, कपडे घालताना दम लागतो का? जिथे उत्तर 'हो' येईल तिथे या आठवड्यातच छातीच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि स्पायरोमेट्रीबद्दल विचारा.

आणि कॉलेजातल्या मुलाचा खोकला आठ दिवसांचा असेल, ताप उतरला असेल आणि तो जेवत-खात असेल, तर त्याला मध-पाणी द्या आणि आणखी थोडे दिवस जाऊ द्या.

अल्लाह तआला आपल्या घरांतील सर्व आजारी माणसांना शिफा अता फरमावो आणि आपल्या बुजुर्गांची साया आपल्यावर दीर्घकाळ ठेवो. आमीन.